खैरनार साहेबांचं न उघडलेलं कपाट

खैरनार साहेबांना ग्राइंडरचा आवाज सहन होत नसे, आणि गाळा घेतला तो त्यांनी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत. पाण्याला भिणाऱ्यानं नेमकं रामकुंडावर बिऱ्हाड करावं, तसला प्रकार. आमच्या ओळीत सकाळपासून कुठे ना कुठे लोखंड घासलं जातच असतं. पलीकडच्या वेल्डरनं ग्राइंडर लावला की साहेब हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच घेऊन दाराशी येत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत, आवाज वेल्डरकडूनच येतोय याची खात्री करून घेत आणि परत आत जात. दिवसातून चार-पाच वेळा हे चालायचं.

पहिल्यांदा मला वाटलं, तक्रार करायला बाहेर आलेत.

"बंद करायला सांगू का, साहेब?" मी विचारलं.

"नाही नाही, शेठ. चालू द्या. त्याचाच आहे ना? मग काही नाही."

त्याचा नाही तर कुणाचा असणार, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

माझा गाळा त्यांच्या शेजारचा. रबराची आणि फोमची गॅस्केटं कापून देणं हा माझा धंदा. दोन लोखंडांच्या मधे जे काही मऊ लागतं ते माझ्याकडे मिळतं. नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळात एक दिवस शेजारी टेम्पो लागला आणि त्यातून तीन मोठी लोखंडी कपाटं उतरली. मला वाटलं, पिठाची चक्की वगैरे असेल. हमालांच्या मधे एक उंच, किडकिडीत, पन्नाशीचा माणूस कपाटाला हात टेकून उलटा चालत होता आणि "हळू, हळू, आत काच आहे असं समजा" म्हणत होता. मी विचारलं, काय आहे हे? तर म्हणाले, "मिनी कॉम्प्युटर." मी म्हटलं, मग मोठा केवढा असतो? ते हसले नाहीत. मोठा केवढा असतो ते त्यांनी मला अर्धा तास उभं करून सांगितलं.

साहेब मूळचे सटाण्याकडचे. सातपुरातल्याच एका बड्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात मेंटेनन्स इंजिनिअर होते. कारखान्याचा पगार, हजेरी, स्टोअरचा माल, सगळं त्या कपाटांमधून निघायचं. मग एक दिवस ते मशीन बंद पडलं. त्याच सुमारास टेबलावरचे छोटे कॉम्प्युटर स्वस्त झाले होते, तेव्हा कंपनीनं मोठं मशीन भंगारात काढलं. काही वर्षांनी साहेबही नोकरीतून मोकळे झाले आणि थेट भंगारवाल्याच्या वाड्यात जाऊन उभे राहिले. भंगारवाला तेव्हा इतकी वर्षं पडून राहिलेल्या त्या कपाटांमधल्या सर्किटच्या पट्ट्यांवरचं सोनं काढण्यासाठी छिन्नी शोधत होता. साहेब त्या कपाटावर जाऊन बसले आणि सौदा होईपर्यंत उठले नाहीत, असं त्यांच्या घरचे सांगतात. हे मला खरं वाटतं.

त्यानंतर त्यांना नादच लागला. नाशिकमधल्या बँका, कॉलेजं, छोटे कारखाने आपापली जुनी मशिनं टाकून द्यायला निघाले होते. कुठे हिरव्या अक्षरांचा पडदा, कुठे भाकरीएवढी फ्लॉपी खाणारं यंत्र, कुठे टीव्हीला जोडून चालणारा कीबोर्ड. सगळं साहेबांच्या गाळ्यात येऊ लागलं. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या आणि हात धुवायचे. येणारी माणसं देवळात आल्यासारखी कुजबुजत बोलायला लागायची. कुणीतरी एकदा दाराशीच नमस्कार केला, तर साहेब वैतागले. "अहो, धुळीसाठी आहे ते. देव-बिव काही नाही इथे."

काम करायची त्यांची पद्धत मला वैद्यासारखी वाटे. कीबोर्डची एकेक कळ काढून रिठ्याच्या पाण्यात धुवायची, सावलीत वाळवायची. पट्टी हातात घेतली की आधी हुंगायची. कुठला भाग जळलाय ते वासावरून सांगत. आणि मग कान. विजेचं बटण दाबलं की कपाटाच्या पत्र्याला कान लावून, डोळे मिटून उभे. एरवी आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा हा माणूस मशीनशी मात्र अहिराणीत बोलायचा. "काय व्हयनं तुले? ऊठ भो आते." आणि बरीच मशिनं उठायचीसुद्धा. कुणी वाहवा केली, तर त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "मशीन खोटं बोलत नाही. ऐकणारा बहिरा असतो." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी ते म्हणून दाखवायचो.

आणखी एक खोड. जुनी मशिनं चालू झाल्यावर आधी तारीख विचारतात. साहेब कधीही आजची तारीख देत नसत. ते मशीन ज्या दिवशी शेवटचं बंद झालं असेल तो दिवस शोधून काढत, त्याच्या पुढचा दिवस टाकत. आतला मजकूरही पुसत नसत. कुणा बँकेच्या मशीनमध्ये कधीच्या काळी बदलून गेलेल्या साहेबाची रजा अजून मंजूर व्हायची असे. कुठल्याशा कॉलेजच्या मशीनमध्ये एका पोराचा निकाल राखून ठेवलेला असे. त्या गाळ्यात प्रत्येक कोपऱ्यात वेगळं साल चालू असायचं. भर दुपारी मला तिथे फार वेळ थांबवत नसे, हे खरं सांगतो. नव्याण्णव साली जो तो दोन हजार सालाच्या धास्तीनं त्यांच्याकडे यायचा. "साहेब, साल बदललं की हे बंद पडणार का?" साहेब म्हणायचे, "मी यांना ते साल दाखवणारच नाही."

त्यांच्या घरून वहिनी कधी डबा घेऊन आल्या तर माझ्याकडे बसत. त्या गाळ्यात त्या जात नसत. "घरी मी पंख्याखाली आणि त्यांच्या कपाटांना एसीचा गारवा," म्हणायच्या. "बरं, सगळी दुरुस्त करतात, मग ते कोपऱ्यातलं का नाही करत? विचारा एकदा तुम्ही."

ते कोपऱ्यातलं म्हणजे मिनी कॉम्प्युटरचंच तिसरं कपाट, डिस्कचं. बाकीची दोन त्यांनी पहिल्या दोन वर्षांत चालू केली होती. पण माहिती साठवायची ती या तिसऱ्यात, जेवणाच्या ताटाएवढ्या तबकड्यांवर. त्या तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर, मधे केसही मावणार नाही इतक्या अंतरावर, माहिती वाचणारं-लिहिणारं एक हेड तरंगत असतं. साहेबांनी त्या कपाटाला चिकटपट्टी लावून ठेवली होती. पुसायचे रोज, पण उघडत नसत. त्याच्या शेजारी एक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. त्या कीबोर्डच्या डावीकडची अक्षरं पार झिजली होती आणि स्पेसबारमध्ये अंगठ्याचा खळगा पडला होता. त्या एकाच कीबोर्डला रिठ्याचं पाणी लागलं नाही. कुणाचा, म्हणून विचारलं तर "बाईंचा" एवढंच म्हणायचे.

मी एकदा विचारलंच त्यांना कपाटाबद्दल. "ते मेलंय, शेठ. कुंकवानं मेलंय," ते म्हणाले आणि चहा सांगायला निघून गेले.

पुढची हकिगत हरसूलची. हरसूलच्या पुढे एका वाडीवर कुठल्याशा योजनेत मिळालेला जुना कॉम्प्युटर पडून होता, तो आणायला साहेब माझ्या व्हॅनमधून गेले. मीही होतो. तिथल्या सोसायटीच्या खोलीत एका पाटावर तो ठेवलेला. अंगावर प्लॅस्टिक, गळ्यात वाळलेला झेंडूचा हार.

"लय जपलंय साहेब," तिथला म्हातारा सेक्रेटरी म्हणाला. "एक दिस बी चालू केलं नाय."

"का?"

"लाईट कुठं हाय? पण दसऱ्याला पूजा चुकवली नाय कधी."

प्लॅस्टिक काढलं तर पडद्यावर, कीबोर्डवर, मागच्या जाळीवर, वर्षावर्षाचे हळद-कुंकवाचे थर.  साहेब दोन पावलं मागेच सरकले. हात लावेनात, तेव्हा मीच तो उचलून व्हॅनमध्ये ठेवला. सातपूरला आणून त्यांनी तो न धुताच जोडला आणि बटण दाबलं, तर मशीन पहिल्या झटक्यात चालू. साहेब त्या लाल जाळीकडे कितीतरी वेळ बघत बसले. मग स्वतःशीच म्हणाले, "याला आत डिस्क नाही ना. म्हणून वाचला."

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. कारखान्यात खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, सगळीकडे होते तशी. लेथला, प्रेसला, क्रेनला फुलं, कुंकू, नारळ. कॉम्प्युटर विभागात पूजेचा मान क्षीरसागरबाईंचा. बाई पंचवटीतल्या, डेटा एंट्री करायच्या. विभागातल्या सगळ्यांत वेगवान बोटं त्यांची, आणि त्या कपाटांवर त्यांचा जीव. नवऱ्याचं पंचवटीत पूजेच्या सामानाचं दुकान, त्यामुळे कुंकू घरचंच. साहेब दरवर्षी बजावत, "बाई, हे मशीन म्हणजे लेथ नाही. कपाटाजवळ कुंकू नको." त्या वर्षी पूजा झाली, मधे दसऱ्याची सुट्टी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केल्यावर थोड्याच वेळात डिस्कचं कपाट किंचाळायला लागलं.

"किंचाळायला म्हणजे?"

"हेड तबकडीला टेकलं, शेठ. आत काहीतरी कण गेला, हेड खाली बसलं आणि तबकडी खरवडायला लागलं. अगदी ग्राइंडरचा आवाज." हे सांगतानाही त्यांनी मान वळवून कोपऱ्याकडे बघितलं. "मी पळत गेलो, वीज तोडली. कपाटासमोर फरशीवर लाल कण पडलेले. बाई शेजारीच उभ्या होत्या. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, तुमच्या कुंकवानं मारलं."

तेवढं एक वाक्य. त्यावर कुणी चौकशी केली नाही, कपाट उघडून कुणी बघितलंही नाही. मशीन गेलं, विभाग मोडला, बाईंना कॅन्टीनच्या कुपनांवर बसवलं. तिथे पोरं त्यांना कुंकूबाई म्हणायची. वर्षाच्या आत बाईंनी नोकरी सोडली.

"पण चूक त्यांचीच होती ना?" मी म्हटलं.

"हो," साहेब म्हणाले. "त्यांचीच."

हे सांगणाऱ्याचा आवाज खात्रीचा नव्हता. पण मला वाटलं, बाईंना जरा जास्त बोललो, एवढंच त्यांना खुपत असेल.

नवं शतक लागून एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. जळगावकडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून साहेबांना त्याच जातीचं दुसरं डिस्कचं कपाट मिळालं. त्यांचा आनंद काय सांगावा. लहान मुलाला नवी सायकल मिळावी तसे चार दिवस गाळ्यात फिरत होते. आता जुन्या कपाटाला हात न लावता मशीन पुरं करता येणार होतं. पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले. हातात कागदाची पुडी, आणि पुडीत काळी, चिकट भुकटी.

"शेठ, हे काय आहे?"

मी चिमटीत घेऊन चोळलं. आमच्या धंद्यात हे रोजचं. "फोम आहे. होता, म्हणजे."

"असा?"

"आठ-दहा वर्षांत होतोच असा. आपल्या हवेत तर लवकरच. आधी चिकट होतो, मग पीठ. बदलायचा असतो तो. कुठला आहे?"

"हवेच्या गाळणीच्या कडेचा. जळगाववाल्या कपाटात निघाला."

"मग तिथे ना हवा गाळली जाणार, ना काही. उलट ह्याचंच पीठ आत उडणार."

मी आपला बोलत होतो. वर नमुना द्या, नवा कापून देतो, असंही म्हणालो. साहेब पुडीकडे बघत उभे होते. मग त्यांनी ती हळू मिटली आणि म्हणाले, "जरा येता का माझ्याबरोबर?"

गाळ्यात जाऊन त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटाची चिकटपट्टी काढली. इतक्या वर्षांत पट्टीचा डिंक पत्र्याला धरून बसला होता. झाकण उघडलं. वरच्या तबकडीवर बोटभर रुंदीचा, लख्ख खरवडलेला गोल. आणि सगळीकडे काळी भुकटी, पुडीत होती तशीच.

साहेबांनी पांढरं फडकं घेतलं, एक कोपरा पुसला आणि माझ्यासमोर धरलं. "लाल दिसतंय का, शेठ?"

"नाही. काळं आहे."

दुसरा कोपरा पुसला. "आता?"

"काळंच."

"नीट बघा. माझा चष्मा जुना झालाय."

मी उजेडात नेऊन बघितलं. त्यांनी कपाट फळीफळीनं, फटीफटीतून पुसलं. जाळीच्या मागे बोट घालून पुसलं. दर वेळी तेच विचारायचे. कुठेतरी एक लाल कण सापडावा म्हणून माणूस इतकी धडपड करताना मी कधी पाहिला नव्हता. शेवटी मीच फडकं काढून घेतलं.

"ही गाळणी दर सहा महिन्यांनी तपासायची असते," ते म्हणाले. "ते काम माझं होतं. मी वरून फुंकर मारायचो आणि सही करायचो."

पुढच्या रविवारी आम्ही पंचवटीत गेलो. फोमचं तुम्हीच सांगा, मला जमणार नाही, असं म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. दुकान एका अरुंद गल्लीत, वर घर. खाली बाईंचे यजमान बुक्का तोलत बसले होते. बाई साठीकडे झुकलेल्या, नाकीडोळी नीटस. साहेबांना त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं, चहा ठेवला. चहा आला.

"बाई, ते कपाट उघडलं," साहेब म्हणाले. "आत कुंकू नव्हतं."

"नसणारच," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्या वर्षी मी कपाटाला कुंकू लावलंच नव्हतं. तुम्ही आदल्या दिवशी बजावलं होतं ना? मी टेबलाच्या पायाला लावलं. तिथलंच सांडलं असेल फरशीवर. हे मी तेव्हा सांगितलं होतं तुम्हाला. सगळ्यांसमोर."

साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. "मला नाही आठवत."

"ऐकलंच नाहीत, तर आठवेल कसं?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांनी कप साहेबांच्या जवळ सरकवला. फोमचं मला सांगावं लागलंच नाही, साहेबांनीच सगळं सांगितलं, सहीसुद्धा. बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. मधे एक-दोन प्रश्न विचारले, तेही हेडबद्दल, तबकडीबद्दल. कामातल्या माणसाचे प्रश्न होते ते. मग म्हणाल्या, "माझा टर्मिनल आहे का अजून?"

"आहे. चालू आहे."

"स्पेसबार अडकायचा त्याचा."

"अजून अडकतो. मी दुरुस्त नाही केला."

 "मुलानं घरी कॉम्प्युटर घेतलाय," त्या म्हणाल्या. "मी त्या खोलीत झाडायलासुद्धा जात नाही."

"मशीन पुढच्या महिन्यात पुरं चालू होईल," साहेब म्हणाले. "खंडेनवमीला याल का? पूजा तुम्ही करावी, अशी इच्छा आहे."

"नाही. मी नाही येणार." त्या उठल्या. आम्ही जिना उतरून खाली आलो तेव्हा बाईही मागोमाग आल्या. दुकानातल्या डब्यातून त्यांनी कुंकवाची पुडी बांधली आणि साहेबांच्या हातात ठेवली. "पूजा मात्र करा. मशीनचा काय दोष?"

साहेब त्यानंतरही तीन-चार वर्षं होते. मशिनं दुरुस्त करत होते, पण "ऐकणारा बहिरा असतो" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मी थट्टेनंही ते म्हणणं सोडून दिलं. शेवटी आजारी पडून गेले, आणि गाळा रिकामा झाला. पण मला त्यांची आठवण येते ती त्या वर्षीच्या खंडेनवमीची.

खंडेनवमीला आमच्या भागात यंत्रं बंद असतात. धुऊन-पुसून, फुलं वाहून ठेवलेली. वेल्डरचा ग्राइंडरही त्या दिवशी हार घालून गप्प असतो. वर्षातून तेवढा एक दिवस सातपुरात माणसाचा आवाज ऐकू येतो. मी माझ्या कटिंग मशीनची पूजा उरकून प्रसाद द्यायला साहेबांकडे गेलो. आतून घरघर येत होती. सगळी वसाहत बंद, एकटं यांचं मशीन चालू. जळगाववालं कपाट जागेवर बसलं होतं, आत गाळणीच्या कडेला मी कापून दिलेला नवा फोम. समोर बाईंचा टर्मिनल, हिरवा उजेड.

साहेब बाईंनी दिलेली कुंकवाची पुडी सोडून उभे होते. मला वाटलं, बोट लावतील. त्यांनी अख्खी पुडी कपाटाच्या जाळीवर, जिथून हवा आत ओढली जाते तिथे, उपडी केली. कुंकू आत खेचलं जाताना दिसलं. मी अहो अहो म्हणेपर्यंत पुडी रिकामी झाली होती. मग त्यांनी पत्र्याला कान लावला, डोळे मिटले आणि वाट बघू लागले.

तासाभरानं मी पुन्हा डोकावलो, तरी ते तसेच उभे. गाल आणि कान लाल झालेले.

"किंचाळत नाही, शेठ," ते म्हणाले.

"मग बरंच की, साहेब."

"एकदा किंचाळलं असतं, तर कुंकवानंही मरतं, एवढं तरी म्हणता आलं असतं..." ते थांबले. मग थोडे बाजूला सरकले. "तुम्ही ऐका जरा. माझ्या कानाचा मला भरवसा नाही आता."

मी चपला बाहेर काढल्या, हात धुतले, आणि त्यांच्या शेजारी उभा राहून कान लावला. पंखा फिरत होता, तबकडी फिरत होती, दुसरं काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

"नाही ना?" साहेब म्हणाले, आणि पुन्हा कान लावून उभे राहिले.